तापतो सेल, दोष धाग्याचा

मे महिन्यातल्या एका दुपारी भाचा त्याचं रेल्वे इंजिन घेऊन आला. "मामा, हे तापून राहिलं. सेल बदलून दे ना." नागपूरच्या मोतीबाग रेल्वे संग्रहालयात अडीच फुटी रुळांवरची, म्हणजे नॅरोगेजची इंजिनं पाहून आल्यापासून त्याला हे वेड लागलंय. बहुतेक मॉडेल गाड्या रुळांतूनच वीज घेतात. याच्या इंजिनात मात्र बॉयलरच्या नळकांड्यात एक लिथियम-आयन सेल बसवलाय, 18 मिलिमीटर व्यासाचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा. टॉर्चमध्ये, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तोच.

मी सेलला हात लावण्याआधी इंजिन उलटं केलं. मागच्या चाकाच्या दांड्याला सतरंजीचा धागा आणि चार-दोन केस करकचून गुंडाळले गेले होते. चाक बोटानेसुद्धा फिरेना.

आता चाकातल्या धाग्याने सेल का तापावा? फिरणारी मोटर एकाच वेळी छोटं जनित्रही असते. ती फिरताना स्वतःच उलट्या दिशेचा विद्युतदाब तयार करते आणि सेलकडून येणाऱ्या धारेला अडवून धरते. म्हणून मोकळी पळणारी मोटर फार कमी वीज खाते. ती अडकली की हा विरोध नाहीसा होतो आणि धारेला रोखायला उरतो फक्त तांब्याच्या तारेचा रोध. समजा हा रोध, सेलचा धरून, दोन ओहम आहे आणि सेल 3.7 व्होल्टचा. मग मोकळं असताना 0.3 अँपिअर घेणारं इंजिन अडकल्यावर जवळपास 1.8 अँपिअर ओढतं, म्हणजे सहापट. उष्णता मात्र धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेलच्या आत सहापट नाही, छत्तीसपट! जूलचा नियम शाळेत पाठ केला होता, पण तो चटका देऊन समजतो. शिवाय खऱ्या इंजिनाची बरीच उष्णता चिमणीवाटे बाहेर पडते; मॉडेलची चिमणी शोभेची, आणि अंगावर प्लॅस्टिकचा कोट.

सेलही नेहमी निर्दोष नसतो. वापर होत जातो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि तेवढ्याच धारेला तो जास्त तापतो. पण त्याआधी स्प्रिंग आणि पत्रे बघावेत. गंजलेल्या टोकाशी रोध वाढतो, तिथे उष्णता साचते आणि आपण दोष देतो सेलला. पाच मिनिटं चालवून, बंद करून, कुठे सगळ्यात गरम लागतंय ते बोटाने चाचपावं. मोटर, स्प्रिंग की सेलचा मध्यभाग? निम्मं निदान तिथेच होतं.

दुरुस्तीत एक चूक मात्र हमखास होते. सेलच्या टोकावर थेट सोल्डरिंग. सोल्डरिंग गनचं टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास असतं आणि सेलमधले दोन ध्रुव वेगळे ठेवणारा पातळ प्लॅस्टिकचा पडदा 130 अंशांच्या सुमारास वितळू लागतो. तो फाटला की आत शॉर्टसर्किट. मग सेल स्वतःच्याच रासायनिक उष्णतेने आणखी तापत जातो आणि पेटतो. म्हणून निकेलची पट्टी आधीच वेल्ड केलेला सेल घ्यावा आणि तार त्या पट्टीला जोडावी. फुगलेला सेल दाबू नये, टोचू नये, चार्ज तर मुळीच करू नये. तो कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यावा.

माझाच एक राग सांगतो. बर्डीवरच्या एका दुकानात मागे असंच एक इंजिन दिलं होतं, मधेच बंद पडतं म्हणून. कारागिराने सेलवरचं छोटं संरक्षक सर्किट काढून टाकलं आणि तारा सरळ जोडल्या. इंजिन चाललं, पैसेही दिले. ते सर्किट धारा हद्दीबाहेर गेली की वीज तोडत होतं, म्हणजे आपलं काम चोख करत होतं. चौकीदारालाच घरी पाठवलं की हो!

नागपुरात आणखी एक अडचण. बहुतेक लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची वरची मर्यादा 45 अंश असते. वापरायला साधारण 60 पर्यंत चालतात. मे अखेरच्या नवतपात, त्या नऊ तापत्या दिवसांत, बाहेरचा पाराच 45 च्या आसपास. कूलर नसलेल्या खोलीत, तेही नुकतंच पळून आलेलं इंजिन चार्जिंगला लावणं म्हणजे मर्यादेपासूनच सुरुवात. फ्रिजमध्ये ठेवायचा उपाय बरेच जण करतात. बाहेर काढताच सेलवर दव धरतं आणि टोकं गंजतात. सुट्टीत वापर नसेल तर अर्ध्या चार्जवर, सावलीतल्या कपाटात ठेवावा.

धागा चिमट्याने काढला, दांड्याला मशीन ऑइलचा थेंब दिला, स्प्रिंग घासून पुसली. सेल जुनाच. इंजिन अर्धा तास पळलं, नुसतं कोमट झालं. भाचा आता सुट्टीतही सकाळी सहाला उठतो आणि गारव्यात चार्जर लावतो. चार्जिंग होईस्तोवर शेजारी चहा घेऊन बसायची ड्युटी माझी.