कुरतडलेल्या पानांची बाग

कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसला, तर तो बहुधा कॉमन मॉरमॉन या फुलपाखराचा लहान सुरवंट असतो. विष्ठेचे हे सोंग त्याला भक्षकांच्या नजरेपासून वाचवते. पुढे शेवटची कात टाकल्यावर तो पानासारखा हिरवा होतो, आणि त्याला डिवचले तर डोक्यामागून लालसर, दुफाट अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतो. या दिवसांत त्याची भूक इतकी वाढते की कुंडीतल्या छोट्या झाडाची एखादी फांदी पाहता पाहता निष्पर्ण होते. नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ घरांत कीटकनाशकाचा पंप बाहेर येतो. आणि अशाच घरांत ‘हल्ली आमच्याकडे पूर्वीसारखे पक्षी येत नाहीत’ ही खंतही ऐकू येते. या दोन गोष्टी एकमेकींशी किती घट्ट बांधलेल्या आहेत, हे लक्षात आले की बागेसाठी झाड निवडण्याची आपली पद्धत मुळापासून बदलते.

पक्ष्यांसाठी बाग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फुले आणि फळे येतात. शिंजीर फुलात चोच घालून मकरंद पितो, बुलबुल फळे खातो, सुगरण आणि चिमणी दाणे टिपतात, हे आपण रोज पाहतो. परंतु यांपैकी कोणाच्याही घरट्याकडे विणीच्या हंगामात थोडा वेळ लक्ष ठेवले, तर चित्र वेगळे दिसते. मकरंदावर जगणारा शिंजीर पिलांना कोळी आणि बारीक किडे भरवत असतो, आणि दाणे टिपणारी चिमणी चोचीत हिरवी अळी धरून वळचणीकडे जात असते. वाढत्या पिलाला प्रथिने हवी असतात आणि ती मकरंदात जवळजवळ नसतातच. सुरवंट हा मऊ, गिळायला सोपा आणि प्रथिनांनी व स्निग्धांशाने भरलेला घास असल्यामुळे कित्येक जातींच्या पिलांचे संगोपन त्याच्यावरच चालते. म्हणून, झाडाला फूल कसे येते यापेक्षा त्याचे पान कोण खाते हा प्रश्न मला आधी विचारावासा वाटतो.

पान खाणे ही किड्यांसाठी सोपी गोष्ट नाही. वनस्पती जागची हलू शकत नाहीत, त्यामुळे त्या रसायनांनी स्वतःचे रक्षण करतात. कढीपत्त्याचा आणि लिंबाच्या पानांचा जो वास आपल्याला हवासा वाटतो, तो याच संरक्षणाचा एक भाग आहे. ही रसायने पचवण्याची किंवा निष्प्रभ करण्याची क्षमता कीटकांमध्ये लाखो वर्षांच्या सहवासात घडते, आणि तीही बहुधा एखाद्याच वनस्पतिकुळापुरती. कॉमन मॉरमॉनची मादी पानावर उतरून पुढच्या पायांनी ते जणू चाखते आणि ओळख पटली तरच अंडे घालते. कढीपत्ता, लिंबू, बेल आणि सह्याद्रीतला माकडलिंबू ही सगळी एकाच कुळातली झाडे असून, २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, याच कुळावर वाढते. रुईचा विषारी चीक पचवून, ते विष अंगात साठवून स्वतः कडू होणारे प्लेन टायगर हे फुलपाखरू अशा क्षमतेचे आणखी एक उदाहरण. दूर देशातून आलेल्या झाडाची रसायने इथल्या किड्यांना अनोळखी असतील, तर ते झाड कितीही हिरवेगार दिसले तरी पिलांसाठी चारा शोधणाऱ्या पक्ष्याला त्यावर फारसे काही सापडत नाही.

याचे मोजमाप झालेले आहे, मात्र ते आपल्याकडचे नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन शहराच्या परिसरात घरांच्या बागांमध्ये घरटी करणाऱ्या कॅरोलायना चिकडी या पक्ष्याचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या रामगंगा पक्ष्याच्या नात्यातला हा चिमुकला पक्षी आहे. ज्या बागांमध्ये एकूण हिरवाईच्या ७० टक्क्यांहून कमी भाग स्थानिक झाडांचा होता, तिथे या पक्ष्याची संख्या टिकून राहण्याइतकी पिले वाढत नव्हती, असे त्यात दिसून आले. हा आकडा जसाच्या तसा दख्खनला लावणे चूक ठरेल. झाडे वेगळी, ऋतू वेगळे आणि पक्षीही वेगळे. पण पाने, सुरवंट आणि पिले ही साखळी मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ येथे काटेकोरपणे घ्यायला हवा. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, झेंडू मेक्सिकोकडचा आणि देवळाच्या आवारात शोभणारा चाफाही उष्णकटिबंधीय अमेरिकेतला. भारतीय असणे हेही पुरेसे नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या फलटणला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. घाटमाथ्यावरची अंजनी फलटणच्या उन्हात रुजवण्याचा हट्ट धरण्यापेक्षा तिथल्या माळावर आपोआप वाढणारा तरवड निवडणे शहाणपणाचे. आपल्या गावाबाहेरच्या ओढ्याकाठी, बांधावर किंवा देवराईत काय उगवते हे एकदा पाहून येणे, हे कोणत्याही छापील यादीपेक्षा अधिक भरवशाचे असते.

कीटक अर्थातच वनस्पतीचा जन्मदाखला पाहत नाहीत, तिचे रसायन पाहतात. पानफुटी मूळची मादागास्करची, पण तिच्या कुळातल्या वनस्पती आपल्याकडेही असल्यामुळे रेड पिएरो या फुलपाखराने तिला आपलेसे केले असून, त्याचे सुरवंट तिच्या जाड पानांच्या आत शिरून गर खातात. असे अपवाद आहेत आणि ते मान्य करायला हवेत. घाणेरीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिच्या फुलांवर फुलपाखरे भरपूर येतात हे खरे, परंतु तिची काळी फळे बुलबुल खातात आणि तिच्या बिया रानात नेऊन टाकतात, जिथे ती जाळी करून स्थानिक रोपांना उजेडच मिळू देत नाही. बागेतला पक्षी कुंपण मानत नाही, त्यामुळे आपण लावलेल्या फळझाडाची निवड ही रानासाठी केलेलीही निवड असते.

कॉमन मॉरमॉनकडे पुन्हा एकदा वळायला हवे, कारण एकच झाड लावून भागत नाही हे त्याच्याइतके स्पष्टपणे दुसरे कोणी सांगत नाही. त्याच्या माद्या अनेक रूपांत आढळतात. काही नरासारख्या काळ्या-पांढऱ्या, तर काही हुबेहूब कॉमन रोझ किंवा क्रिमसन रोझ या दुसऱ्याच फुलपाखरांसारख्या. या रोझ फुलपाखरांचे सुरवंट सापसंद, म्हणजेच ईश्वरी, या वेलीच्या कुळावर वाढतात आणि तिचे विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी त्यांना टाळायला शिकतात. मॉरमॉनची मादी त्यांचा वेष घेऊन या बदनामीचा फायदा उठवते. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की ‘डबलसेक्स’ नावाचे एकच जनुक मादीचा हा सगळा वेष ठरवते. मात्र वेष उपयोगी पडण्यासाठी मूळ पात्र जवळपास असावे लागते. परिसरातून सापसंदाची वेल नाहीशी झाली तर रोझ फुलपाखरे जातात, पक्ष्यांना तो धडा मिळत नाही आणि मॉरमॉनच्या मादीचे सोंगही फुकट जाते. कढीपत्त्याशेजारच्या कुंपणावर सापसंद चढवणे म्हणूनच योग्य. मात्र ही वेल माणसाच्या मूत्रपिंडाला घातक असल्याने घरगुती औषध म्हणून तिचा वापर मुळीच करू नये.

आता फुलांकडे. पक्ष्यांकरवी परागीभवन करून घेणाऱ्या फुलांची एक ठरलेली घडण असते. ती बहुधा लाल-केशरी असतात, कारण पक्ष्यांना लाल रंग उत्तम दिसतो आणि मधमाश्यांना तो नीट ओळखता येत नाही. त्यांना वास जवळजवळ नसतो आणि मकरंद पातळ पण भरपूर असतो. आपले शिंजीर अमेरिकेतल्या हमिंगबर्डप्रमाणे बहुतेक वेळ हवेत तरंगत न राहता बसून मकरंद पिणे पसंत करतात, त्यामुळे फुलाजवळ पाय टेकायला जागा लागते. फेब्रुवारीतल्या सकाळी निष्पर्ण पांगाऱ्याखाली अर्धा तास उभे राहिले, तर साळुंक्या, बुलबुल, कावळे, कोतवाल, शिंजीर आणि मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आलेल्या भोरड्या एकाच झाडावर दिसू शकतात. काटेसावर आणि पळस याच दिवसांत फुलतात. ओढे आटत चाललेले असताना ही झाडे जणू पाणपोईच उघडतात.

ही झाडे लहान अंगणात मावत नाहीत, पण त्यांचे काम करणारी झुडपे मावतात. धायटी जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत लाल नळ्यांनी भरून जाते. मुरुडशेंग पावसाळ्यात फुलते, आणि तिची फुले ताजी असताना लाल व जुनी झाल्यावर निळसर-राखाडी होतात, त्यामुळे कोणत्या फुलात मकरंद आहे हे पक्ष्याला लांबूनच कळते. अडुळसा आणि कोरांटी ही तर कुंपणाचीच झुडपे; त्यांच्यावर शिंजिरांबरोबर भुंगे आणि फुलपाखरेही येतात. पावसाळ्यात दिंड्याच्या बारीक हिरवट फुलांवर कीटकांची जी गर्दी उसळते, ती पाहिल्यावर फुलाच्या सौंदर्याची आपली कसोटी किती माणूसकेंद्री आहे हे जाणवते. उलट चाफ्याच्या सुगंधी फुलात मकरंदाचा थेंबही नसतो; वासाला भुलून आलेल्या पतंगांना ते रिकाम्या हाती परत पाठवते. दुहेरी पाकळ्यांच्या गुलाबात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असल्याने परागकणही फारसे उरत नाहीत. रोपवाटिकेत नेमकी हीच रोपे सर्वांत पुढे मांडलेली असतात.

मधमाशी म्हटले की आपल्याला मोहोळ आठवते. आग्या, सातेरी, फुलोरी या मधमाश्या महत्त्वाच्या आहेतच, परंतु जगातल्या सुमारे २०,००० जातींच्या मधमाश्यांपैकी बहुतेक एकेकट्या राहतात, आणि काही कामे त्यांनाच जमतात. वांग्याच्या फुलात परागकोशाच्या टोकाशी फक्त बारीक छिद्र असते. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी त्या परागकोशाला कवटाळून, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते आणि मिठाच्या भांड्यातून मीठ पडावे तसे पराग बाहेर पडतात. मोहोळातल्या मधमाश्यांना हे साधत नाही. तरवडाच्या पिवळ्या फुलांची रचनाही अशीच असून तो वर्षातला बराच काळ फुलत असल्याने, परसात वांगी-टोमॅटो लावणाऱ्याने बांधावर एखादा तरवड ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत घर कोरतो आणि बऱ्याच एकांड्या माश्या जमिनीत बिळे करतात, त्यामुळे फरशी न घातलेला, न उकरलेला, उन्हात तापणारा मातीचा एक कोपरा आणि एखादा वाळका ओंडका ही बागेतली पडीक जागा नसून वसाहत असते.

वड, पिंपळ, उंबर यांची जागा अंगणात नाही. त्यांची मुळे भिंती फोडतात. परंतु गृहसंस्थेच्या मोकळ्या भूखंडावर, शाळेच्या मैदानाकडेला किंवा ओढ्याकाठी लावण्यासाठी यांच्याइतकी मोलाची झाडे नाहीत. त्यांच्या फळातच फुले मिटलेली असतात आणि इवल्याशा गांधीलमाश्या आत शिरून त्यांचे परागीभवन करतात. या माश्यांची पिढी अखंड चालू राहावी लागते, म्हणून एकाच जातीची सगळी झाडे एकदम फळत नाहीत. त्यामुळेच तांबट, कोकीळ, राखी धनेश आणि आपला राज्यपक्षी हरियाल यांना वर्षभर कुठे ना कुठे पिकलेले झाड मिळते.

आपल्या भाषेत शिवी होऊन बसलेल्या बांडगुळाबद्दलही चार शब्द लिहिणे भाग आहे. आंब्यावरच्या बांडगुळाची फळे फुलटोच्या हा अंगठ्याएवढा पक्षी खातो आणि चिकट बिया फांदीवर पुसून पुढच्या रोपाची सोय करतो. पिवळ्या-लाल ठिपक्यांमुळे हळदीकुंकू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देखण्या फुलपाखराचे सुरवंट याच बांडगुळाची पाने खातात. बांडगूळ फार माजले तर झाड दुबळे होते, हे खरे. तेव्हा छाटणी करावी, पण जुन्या, दणकट झाडाच्या एखाद्या फांदीवर ते राहू द्यावे.

लागवडीसाठी मृगाचा पाऊस पडून माती खोलवर भिजल्यानंतरचे दिवस सर्वांत चांगले. रोप घेताना त्यावर मुळांतून शोषले जाणारे कीटकनाशक वापरले आहे का, हे रोपवाटिकेत स्पष्ट विचारावे, कारण असे औषध पुढे परागात आणि मकरंदातही उतरते. ज्यांच्याकडे केवळ गॅलरी आहे त्यांनी दोन कढीपत्ते लावावेत: एक स्वयंपाकाचा आणि एक सुरवंटांचा. पाने संपलेली फांदी कापू नये, तिला पुन्हा पालवी फुटते. पूर्ण वाढलेला सुरवंट पुष्कळदा झाड सोडून जवळच्या काडीवर, गजावर किंवा कुंडीच्या कडेखाली जातो आणि स्वतःभोवती धाग्याचा एक फास घेऊन हिरवा किंवा तपकिरी कोश करतो. कुंडी हलवण्याआधी तिची खालची बाजू एकदा हाताने नव्हे, डोळ्यांनी तपासावी.