‘भाव’ ते ‘समानुभूती’: कोल्हापूरच्या चित्रांमागची पार्श्वभूमी

कोल्हापूरला कलापूर का म्हणतात, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. दरबारी चित्रकार, रंकाळा-कोटितीर्थाची निसर्गचित्रे, नाटकाचे रंगवलेले पडदे हे सगळे गृहीत धरू. चित्रातून माणसाचे मन समजून घेण्याची जी भाषा आज कलाशिक्षणात ऐकू येते, ती आली कुठून, एवढेच इथे पाहायचे आहे.

त्या भाषेतला कळीचा शब्द ‘समानुभूती’, म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याची भावना जाणणे. जुन्या पेंटर मंडळींचे काम ‘भाव’ या शब्दावर भागत असे. नाक-डोळे हुबेहूब आले, पण भाव उतरला नाही, म्हणजे व्यक्तिचित्र फसले. या शब्दाचे मूळ नाट्यशास्त्रात आहे. तिथे रस आठ. शांत हा नववा नंतरचा. शोक हा स्थायीभाव, म्हणजे मनात मुळातच असलेली भावना, तर करुण हा रस, म्हणजे ती भावना कलेतून अनुभवताना मिळणारा आस्वाद, आणि तो चाखणाऱ्या प्रेक्षकाला पुढच्या विचारवंतांनी ‘सहृदय’ म्हटले. दुसऱ्याचे दुःख वेगळे आणि ते पाहताना आपल्याला येणारा अनुभव वेगळा, ही वाटणी आपल्याकडे फार आधीच झालेली होती.

‘समानुभूती’ लांबून फिरून आली. १८७३ साली एका जर्मन अभ्यासकाने ‘आइनफ्यूलुंग’ हा शब्द सौंदर्यविचारात आणला. एखादा आकार, एखादी वास्तू पाहताना आपण आपली भावना तिच्यात ओततो, असा त्याचा अर्थ. १९०९ मध्ये त्याचा इंग्रजी अवतार ‘एम्पथी’ झाला, मग तो मानसशास्त्राचा झाला, समुपदेशनाचा झाला. दहा जीवनकौशल्यांच्या यादीतून मराठी शाळेत पोचेपर्यंत त्याचे चित्राशी असलेले नाते पुसले गेले होते. ‘सहानुभूती’ तोवर निवडणुकीतल्या लाटेने पळवलेली, म्हणून ‘समानुभूती’. यातला ‘समान’ मला खटकतो. पुराचे चित्र पाहणाऱ्याच्या घरात पाणी शिरलेले नसते. त्याचा अनुभव समान कसा? ‘परानुभूती’ जास्त नेमका, पण रुळला नाही.

शब्द नसतानाही काम चालूच होते. १९२५ मध्ये इथल्याच एका चित्रकाराने सावकारीत जमीन गमावलेल्या शेतकऱ्यावर मूकपट काढला. संवाद नव्हते, प्रकाश, सावली आणि चेहरा यांवरच सगळे पेलायचे होते. पडदे रंगवून तयार झालेली नजर तिथे कामी आली.

पुढची पिढी शाळेतल्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत आठवणीतून काढायच्या स्मरणचित्रातून घडली. भाजी मंडई, बस स्टॉप, पाणवठा. माणसे भरपूर, चेहरे मात्र नुसते अंडाकृती; डोळे काढायला वेळ कुणाला होता!

मग २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आले. पंचगंगेचे पाणी एरवी निसर्गचित्राचा विषय. त्याच पाण्यात घरे बुडालेली पाहिल्यावर ते पूर्वीच्या नजरेने रंगवणे अवघड झाले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. १९१५ सालचे पॅलेस थिएटर ते हेच. दुसऱ्या दिवशी गायकनट केशवरावांची जयंती होती. जळके छत आणि काळवंडलेल्या भिंतींची छायाचित्रे मोबाइलवर फिरली आणि ती पाहून लोक रडले. १८७३ च्या त्या शब्दाचा मूळ अर्थ नेमका हाच होता: त्या छायाचित्रांतल्या भिंतींना चेहरा नव्हता, तरी पाहणाऱ्यांनी आपली भावना त्यांच्यात ओतली.