चिपवर १९७८ छापलंय म्हणजे ती १९७८ चीच असते असं नाही
जुने प्रोसेसर जमवायला लागलं की हे हमखास ऐकायला मिळतं, चिपवर इंटेल १९७८ आहे म्हणजे ती तेव्हाच बनली, आणि विकणारे त्याच्यावरच भाव चढवतात. अहो ते साल कॉपीराइटचं आहे, त्या डिझाइनच्या चिप पुढे कितीतरी वर्षं बनत होत्या. इंटेलचा ८०८८ प्रोसेसरच घ्या ना, ती चिप बाजारात आली १९७९ ला तरी तिच्यावर १९७८ असतं! खरी तारीख वेगळ्या ओळीत शोधायची. इंटेलच्या डिझाइनच्या चिप एएमडी ही दुसरी कंपनीही बनवायची, तिच्या चिपवर बहुतेकदा चार आकडे असतात, ८४२३ म्हणजे १९८४ चा २३ वा आठवडा. इंटेलच्या लांब कोडमध्ये सहसा पहिलं अक्षर कारखान्याचं, मग सालाचा शेवटचा आकडा, मग दोन आकडे आठवड्याचे, दशक मॉडेलवरून ठरवायचं. नवीन असाल तर ती ओळ स्पष्ट दिसेल असा फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.