अच्छेर धान्याचं गणित

साम्राज्याचा कारभार 'शास्त्रीय' असतो, हा एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिशांचा आवडता दावा. तो वजनकाट्यावर तपासायचा तर १८७७ सालच्या दुष्काळी मजुरीइतकं चांगलं उदाहरण नाही.

१८७६-७८ च्या दुष्काळानं मद्रास आणि मुंबई इलाखा, म्हैसूर व हैदराबाद होरपळले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपलला पाहणीसाठी मद्रासला धाडलं. या टेंपलनंच १८७३-७४ मध्ये बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ मागवून माणसं वाचवली होती, आणि त्या 'उधळपट्टी'बद्दल बोलणी खाल्ली होती. या खेपेला त्यानं काटकसर करून दाखवायचं ठरवलं. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याइतकी मजुरी आणि वर मीठमिरचीपुरते पैसे. बाई आणि मुलांना त्याहून कमी. जास्त दिलं तर लोक आळशी होतील, सरकारवर विसंबतील, बाजार बिघडेल, हे समर्थन. यात अर्थशास्त्राची भाषा होती, शरीरशास्त्राचा पत्ता नव्हता.

एक पौंड म्हणजे ४५३ ग्रॅम, जुन्या मापात साधारण अच्छेर, म्हणजे अर्धा शेर. एवढ्या तांदळातून सुमारे १,६०० किलोकॅलरी आणि तीसेक ग्रॅम प्रथिनं मिळतात. ४८ किलोच्या माणसाला नुसतं पडून राहायलाच १,२००-१,३०० किलोकॅलरी लागतात. दिवसभर खडी फोडली, माती वाहिली की गरज २,७०० च्या पुढे जाते. म्हणजे रोजची तूट किमान १,१००. अशा काटक अंगावर चार किलो चरबी धरली, तर तिच्यात सुमारे ३०,००० किलोकॅलरींचा साठा. भागाकार करा: सत्तावीस दिवस. तेही माणूस पहिल्या दिवशी धडधाकट असेल तर. कामावर येणारे आधीच महिनोन्‌महिने अर्धपोटी होते.

शरीर चरबी संपेपर्यंत थांबत नाही. स्नायूही बरोबरीनं झिजतात. लहान आतड्याच्या आतली मखमली लव सपाट होते, आहे ते अन्नही अंगी लागत नाही, हगवण लागते. रक्तातली प्रथिनं घटली की पाय सुजतात. नुसत्या नजरेनं तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला असा सुजलेला माणूस बरा दिसतो, काट्यावरही वजन फसवं येतं. शेवटचा घाव पटकी किंवा हिवताप घालतो, आणि मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून रोगाचं नाव लागतं. उपासमार कागदावर येतच नाही.

मद्रासचे सॅनिटरी कमिशनर, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख अधिकारी, डॉ. विल्यम कॉर्निश नेमकं हेच सांगत होते. राबणाऱ्या माणसाला दीड पौंड धान्य हवं, शिवाय डाळ आणि भाजीपाला. डाळीचा आग्रह महत्त्वाचा होता: तांदळाच्या प्रथिनात लायसिन हा प्रथिनाचा एक आवश्यक घटक कमी असतो, तो डाळ भरून काढते. लायसिन तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, पण अन्नातल्या नायट्रोजनचं, म्हणजे प्रथिनांचं, महत्त्व माहीत होतं. वादावादीनंतर त्याच वर्षी मद्रास सरकारनं प्रमाण सव्वा पौंड धान्य आणि थोडी डाळ इथवर नेलं.

मुंबई इलाख्यातही मजुरी कापली गेली. हजारो मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे तक्रारी मांडल्या. आपल्याकडचा हा दुष्काळी संप शाळेच्या पुस्तकात का नसतो, कोण जाणे. टेंपल मात्र त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला.

ब्रिटिश मुलखात या दुष्काळाचे बळी पन्नास लाखांवर मोजले जातात. धान्याची निर्यात या काळातही चालूच होती. १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. त्यात काम करणाऱ्या पुरुषासाठी शिफारस होती दीड पौंड धान्याची, म्हणजे कॉर्निशनं तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्याच आकड्याची.