इंजिन-ब्लॉकचे बळकटीकरण

मोटारीच्या इंजिनातून कारखान्याने ठरवलेल्या शक्तीच्या दुप्पट-चौपट अश्वशक्ती काढायची असेल, तर तो भार सिलिंडर-ब्लॉकला (ज्यात सिलिंडर असतात त्या इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याला) पेलावा म्हणून त्यावर यंत्रकाम करतात, जादा आधार देतात, नाहीतर ब्लॉकच नवा घडवतात. या सगळ्याला मिळून इंजिन-ब्लॉकचे बळकटीकरण म्हणतात. ड्रॅग शर्यतींच्या (सरळ, आखूड पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतींच्या) जगात हे काम नेहमीचे. रोजच्या गाडीला त्याची गरज पडत नाही.

ब्लॉक फुटण्याआधी हलू लागतो, आणि बळकटीकरणाची सारी धडपड ही हालचाल थांबवण्याची असते. ८६ मिमी व्यासाच्या सिलिंडरात दाब क्षणभर १५० बारपर्यंत (हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशेपट) गेला, तर पिस्टनच्या माथ्यावर जवळजवळ ९ टनांचा भार येतो. तेवढाच भार हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) वर ढकलतो आणि क्रँकशाफ्टमार्फत मेन कॅपना (क्रँकशाफ्टची मुख्य बेअरिंगे खालून धरणाऱ्या टोप्यांना) खाली. मधला ब्लॉक दोन्हीकडून ताणला जातो. शिवाय पिस्टन भिंतींना आडवा रेटा देतोच. मग भिंत लंबगोल होते व रिंगांमधून वायू गळतो, हेड सूक्ष्म उचलून गॅस्केट (हेड व ब्लॉकमधली सीलबंद चकती) जाते, किंवा मेन कॅप जागच्या जागी सरकून बेअरिंग खाते. इंजिन उघडल्यावर कॅपच्या बैठकीवर घासल्याचे डाग दिसले, की जाणता कारागीर समजून जातो.

फोर्डचा ३०२ घनइंची व्ही-८ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. सुमारे ५०० अश्वशक्तीच्या पुढे त्याच्या मेन बेअरिंगच्या आडव्या भिंतींतून भेग वर चढते आणि ब्लॉक उभा दुभंगतो. सगळ्या कॅप एकत्र बांधणारा पट्टा खालून लावला तरी ओतकामच पातळ असल्याने फार तर थोडी मुदत मिळते. याउलट टोयोटाचा २जेझेड-जीटीई : सहा सिलिंडर, सात मेन बेअरिंगे, बिडाचा बंद माथ्याचा (सिलिंडरांभोवतीचा पाण्याचा कप्पा वरून झाकलेला) ब्लॉक. जपानमध्ये कागदावर २८० अश्वशक्ती; पण पिस्टन, रॉड वगैरे बदलून मूळ ब्लॉकवर १,००० च्या पुढे गेलेली इंजिने पुष्कळ आहेत.

माथा बंद की उघडा, हा प्रश्न अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये विशेष महत्त्वाचा ठरतो. धातूच्या साच्यात दाबाखाली ओतताना साचा वरून काढता यावा म्हणून सिलिंडरांभोवतीचा पाण्याचा कप्पा वर मोकळा ठेवतात. अशा ब्लॉकमध्ये सिलिंडर पातेल्यात उभ्या ठेवलेल्या पेल्यांसारखे असतात : खाली घट्ट, वर मोकळे. होंडाच्या बी मालिकेत हेच आढळते. वरच्या फटीत ठोकून बसवायची कडी स्वस्त पडते, पण ती पाण्याची वाट अडवते आणि भिंतही वाकवू शकते. पक्का उपाय म्हणजे जुन्या भिंती कातून काढून डक्टाइल आयर्नच्या (चिवट बिडाच्या), वर कॉलर असलेल्या स्लीव्ह, म्हणजे नळकांड्यासारख्या नव्या भिंती, बसवणे. कॉलर एकमेकींना टेकल्या की माथा जवळपास बंद होतो. मात्र खालची बैठक नीट कातली नसेल, तर स्लीव्ह कालांतराने खाली बसते आणि गॅस्केट पुन्हा जाते.

पाण्याच्या कप्प्यात सिमेंटसारखा, सुकताना न आकसणारा मसाला ओतण्याचीही रीत आहे. (बांधकामाचे सिमेंट नव्हे.) अर्धा भरला तर रस्त्यावर चालते, फक्त ऑइल अधिक तापते, पूर्ण भरलेला ब्लॉक काही सेकंदांच्या शर्यतीपुरताच. मसाला यंत्रकामाआधी ओततात, कारण त्याने बोअरचा (सिलिंडरच्या पोकळीचा) आकार किंचित बदलतो. होनिंगही (बोअर घासून अचूक मापाला आणणेही) हेडच्या जागी जाड पोलादी पाटी पूर्ण आवळून करतात, म्हणजे बोल्टच्या ताणाने येणारा वाकडेपणा आधीच हिशेबात धरला जातो. पोलादी मेन कॅप व स्टड घातले, तर क्रँकच्या बेअरिंगांची भोके एका ओळीत पुन्हा कातावी लागतात; हे टाळणारे नंतर बेअरिंगांवर खर्च करतात.

सर्वात आधी भिंतीची जाडी अल्ट्रासोनिक उपकरणाने मोजायला हवी. ओतताना आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा सरकला असेल, तर एक बाजू जाड व दुसरी पातळ निघते. आपल्याकडे गॅरेजात बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकतात, तो दुरुस्तीचा उपाय झाला. बळकटीच्या दृष्टीने तो उलटा, कारण भिंत आणखी पातळ होते.

ओतकामात राहून गेलेले अंतर्गत ताणही महत्त्वाचे. बीएमडब्ल्यूचे १.५ लिटरचे टर्बो इंजिन बिडाच्या साध्या उत्पादनातील ब्लॉकवर बांधलेले होते, आणि त्याच्या जोरावर नेल्सन पिके १९८३ मध्ये फॉर्म्युला वनचा विजेता ठरला. भरपूर धावून ताण निवळलेले, मुरलेले ब्लॉक यासाठी पसंत केले जात. ते उघड्यावर ठेवून कामगार त्यांवर लघवी करत, ही आख्यायिका इंजिनापेक्षा जास्त टिकली आहे. आज तापवून व सावकाश थंड करून तेच साधतात.

या सगळ्याच्या पलीकडे अॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कातलेला ब्लॉक येतो. ड्रॅग शर्यतींच्या टॉप फ्युएल या सर्वात वेगवान वर्गातील ८.२ लिटर इंजिनांचा ब्लॉक असाच असतो. शक्ती ११,००० अश्वशक्तीच्या वर, शर्यत १,००० फुटांची, चार सेकंदांच्या आत संपणारी. त्यात पाण्याचे कप्पे ठेवतच नाहीत. सिलिंडरात शिरणारे नायट्रोमिथेन हे इंधनच थंडाव्याचे काम करते.