प्रतिपालक होण्यासाठी मालकीचे घर लागते का?

आईवडिलांजवळ काही काळ राहू न शकणाऱ्या मुलाला सांभाळणाऱ्या प्रतिपालकाचे मालकीचे, प्रशस्त घर हवेच, ही समजूत वर्षानुवर्षे चालत आली असली तरी चुकीची आहे. घर भाड्याचे असणे सहसा आड येत नाही. गृहभेटीत मुलासाठी सुरक्षित, पुरेशी जागा आहे का आणि औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत ना, हे पाहिले जाते. पोलीस पडताळणी, वैद्यकीय अहवाल हे सोपस्कार होतातच. खरा वेळ मुलाखतींत जातो, कारण रात्री दचकून उठणाऱ्या किंवा पोळी उशीखाली लपवणाऱ्या मुलाशी अर्जदार कसा वागेल, हे कागदपत्रांवरून कळत नाही. अर्जदाराच्या बालपणाविषयीचे प्रश्न (अनेकांना ते खटकतात) याचसाठी असतात. घरात आधीपासून असलेल्या मुलांचेही म्हणणे ऐकून घेतले जाते.