पीडीएफ उघडायला अ‍ॅडोबीच लागतो?

‘पीडीएफ म्हणजे अ‍ॅडोबीची फाइल, दुसऱ्या कशात उघडली तर मराठी अक्षरं बिघडतात’ हा समज अजून सायबर कॅफेपासून सोसायटीच्या ऑफिसपर्यंत पक्का आहे. तो चुकीचा आहे. पीडीएफ १९९३ साली अ‍ॅडोबी कंपनीने आणलं हे खरं, पण २००८ पासून ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं खुलं मानक आहे. कुणीही त्याचा रीडर, म्हणजे ती फाइल उघडणारं सॉफ्टवेअर, बनवू शकतो. अक्षरांचं म्हणाल, तर फॉन्ट सहसा फाइलमध्येच जोडलेला असतो. तो जोडलेला नसेल तर अक्षरं अ‍ॅडोबीतही बिघडू शकतात.

जुन्या, कमी रॅमच्या विंडोज कॉम्प्युटरवर मी बिनधास्त सुमात्रा पीडीएफ हा रीडर सुचवतो. फुकट, मुक्तस्रोत (कोड सगळ्यांसाठी खुला), जाहिराती नाहीत. पोर्टेबल आवृत्ती तर पेनड्राइव्हवरूनच चालते, इन्स्टॉल करायचीही गरज नाही. ईपब प्रकारातली ई-पुस्तकंही त्यातच उघडतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावरची सही सुमात्रा तपासून देत नाही, उतारा फक्त दाखवतो. सही पडताळायची असेल तर ओक्युलर हा दुसरा रीडर घ्या, तोही फुकटच आहे. अ‍ॅडोबीची खरी गरज पडते ती एक्सएफए या वेगळ्या पद्धतीने बनवलेले काही खास पीडीएफ फॉर्म भरताना.